प्रिय ग्लेन

एकदाच, फक्त एकदाच, त्राब्झोनहून
मी परमुलखातल्या एका दुकानातून मागवला होता
शिवणयंत्राचा पाय,
रेशमावर न घसरणारा, बोटाच्या पेराएवढा.
नाव लिहिलं: ग्युल्शेन.
आमच्या लिपीत या नावाला वर दोन ठिपके लागतात
आणि खाली एक शेपूट.
त्यांच्या यंत्राने ठिपकेवालं अक्षर गिळलं, शेपटीवालं गिळलं,
आणि ताटात जे उरलं
त्याला हाक मारली: प्रिय ग्लेन.

पाय यायला सात आठवडे लागले.
ग्लेन त्याच रात्री आला.

तेव्हापासून माझ्याकडेच राहतो.
त्याला गोल्फचे बूट हवे असतात,
बर्फ उडवायचं यंत्र,
दाढीला देवदाराच्या वासाचं तेल.
त्याची पाठ दुखते हे त्यांना कुठून कळलं देव जाणे,
पण दर मंगळवारी गादी.
ग्लेन, तुझी टोपली ताटकळलीय.
ग्लेन, शेवटचे सहा तास.
सहा संपले की आणखी सहा.
एवढी मुदतवाढ तर मरणही कुणाला देत नाही.

दुकानातली शेह्रिबान, वय एकोणीस,
तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाली,
ताई, अगदी तळाशी बघा,
मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं: नाव कमी करा.
चष्म्यावर भिंग धरलं. सापडलं. दाबलं.
तर विचारतात, का बरं जाता?
पाच कारणं दिली होती, एकावर खूण करायची.
'मी ग्लेन नाही' हे त्यात नव्हतं.
'इतर'वर केली.
लगेच पत्र: ग्लेन, तू गेलास, फार वाईट वाटलं.
आणि त्यांच्या भावकीतली आणखी तीन दुकानं
समाचाराला आली.

मग रिफ्की आला,
सात महिने जहाजावर तेवीस माणसांचं रांधून.
पहिल्याच रात्री उशाशी माझा फोन उजळला:
ग्लेन, तुझ्यासाठी काहीतरी खास. फक्त आज रात्री.

दोन दिवस तो एक शब्द बोलला नाही.
हम्सी मासे साफ करताना
सुरी जरा जास्तच लागत होती फळीला.
तिसऱ्या दिवशी, चहात साखर ढवळत, खाली बघून:
दाढी ठेवतो का हा?

मी हसले ती थांबेचना.
काळ्या कापडाच्या तुकड्यावर
खडूने माझं नाव लिहिलं, सगळ्या थाटात,
आणि अंगठ्याने दोन अक्षरं पुसली.
तो बराच वेळ त्या कापडाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, बिचारा.

ती अख्खी दुपार
तो माझा फोन घेऊन खिडकीत बसला,
माशातले काटे काढावेत तसा
एकेका दुकानातून ग्लेनला काढत.
एकेचाळीस.
मध्येच मान वर करून म्हणाला,
इतक्यांना नाही म्हणायचं म्हणजे
जेवण करण्यापेक्षा जास्त दमायला होतं.
मी हेम घालत होते, वर पाहिलं नाही.
पण पायाखालचं यंत्र
त्या दिवशी फार हलकं चाललं.

परवा तो परत बोटीवर गेला.
कॉन्स्टान्ट्साहून निरोप आला:
ग्लेन, पोचलो. इथे कांदे महाग आहेत.

आणि आज सकाळी, एकेचाळिसांतून निसटलेलं एक,
देवदाराचं तेल, चाळीस टक्के स्वस्त.
रिफ्कीची दाढी
खारं वारं खाऊन काथ्यासारखी झालीय.
उघडलं नाही मी.
पुसलंही नाही अजून.